कवड्यांचा शिरटोप

नवसाचे केस पोहरादेवीला दिले आणि पाच वर्षांची आमची लेक मंजू ओढणी डोक्याला गुंडाळून घरात बसली. तीन दिवस अंगणवाडी नाही, ओटासुद्धा नाही. शेजारचा बादल दारातून "ए टकली!" म्हणून पळाला होता, त्याचा हा प्रताप. शुक्रवारी अंगणवाडीत मुलांच्या सोंगांचा कार्यक्रम.

"मी नाही येत. केस आले का मंग येईन."

"दिवाळीले येतीन," मी म्हटलं, तर ती रडायलाच लागली. मला चिडवायचं होतं, रडवायचं नव्हतं.

तिचे बाबा राजपाल, कामरगावात त्यांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी तिला मांडीवर घेऊन फोनवर जुन्या राजांचे शिरटोप दाखवले. एकावर सोन्याची वेलबुट्टी, एकावर पिसं खोवायच्या नळ्या, नाकावर उतरणारी पट्टी, मानेवर लोखंडी कड्यांची जाळी. एका टोपाला तर चक्क मिशा.

"लढाईले इतकं नटून कायले जात हे लोक?" मी विचारलं.

"दुरून राजा दिसला पाह्यजे ना! आन् काही टोप नुसते मिरवाचेच असत."

"आपल्या लग्नातल्या तुमच्या फेट्यासारखे."

ओढणीतून आवाज आला, "बाबा, टोपाच्या खाली राजाले केस होते?"

"कोनाले ठाव? टोप घातल्यावर कोन पाह्यते?"

हे तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी माझा भाताचा छोटा गंज, म्हणजे पातेलं, गायब. संध्याकाळी तो दुकानातून टोप होऊनच परतला. कडा दुमडलेल्या, नाकावर पट्टी, वर मोरपिसाला नळी. सासूबाईंनी, म्हणजे रुपाबाईंनी, तो फिरवून फिरवून पाहिला. "राजाचा म्हन्ता, आन् एक कवडी नाही?" आतून त्यांनी गोधडीचा मऊ तुकडा शिवला, आणि लोखंडी जाळीच्या जागी मानेवर आरसे-कवड्यांची झालर सोडली. आमच्या बंजारा तांड्यात नटवणं म्हणजे हेच. मंजूनं मान हलवली की भिंतीभर कवडसे.

"दुश्मन तर डोये मिटूनच घेईन," मी म्हटलं.

"घेऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "तवा पोरीले पयता येते."

शुक्रवारी मंजू टोप घालून माझ्यासोबत निघाली. अंगणवाडीत सगळी पोरं तिच्याभोवती.

"मले दे ना घालून पाहाले," बादल म्हणाला.

मंजूनं टोप दोन्ही हातांनी दाबून धरला. "दुरून पाह्य."

मग तिची मैत्रीण योगिनी हळूच म्हणाली, "मले एकडाव?"

मंजूनं माझ्याकडे पाहिलं. तिनं टोप काढला. गुळगुळीत डोकं उन्हात चमकलं.

योगिनीच्या दोन वेण्या आणि रिबिनी आत जाईनात. बादलनं ओढून घेतला, तर त्याच्या झिपऱ्यांवर टोप अडून राहिला. बाबांनी माप भादरलेल्या डोक्याचं घेतलेलं. पुढे केस वाढतील हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुमाले नाही बसत," मंजू म्हणाली. "पयले केस द्या लागते."

बादल झिपऱ्या दाबत म्हणाला, "कोठी?"

तिनं त्याला पोहरादेवीच्या जीपचा रस्ताही सांगितला.

दुपारी बादलची आई भागिरथा आमच्या दारात. "काय शिकवलं वं माह्या पोट्ट्याले? न्हाव्याकडं चाल म्हून रडून राह्यला!"

मंजू उघड्या डोक्यानं धावत ओट्यावर गेली. "काकू, त्याले सांगा, दुखत नाही."