घरबसल्या पोहणे

बाईंनी पर्स टेबलावर ठेवली, चपला कडेला सारल्या आणि प्रकाशकाच्या कचेरीतल्या फरशीवर त्या सरळ उताण्या झोपल्या.

"आता बघा हं," त्या छताकडे पाहत म्हणाल्या. "हात असे पसरले. बरोबर? पाय जुळवले. छाती वर. आणि मान..." त्यांनी मान वीतभर उचलली, तसा त्यांना थेट दरवाजा दिसायला लागला. "मान पुस्तकातल्यासारखी. एवढं सगळं करते आणि बुडते. माझं चुकतंय कुठं?"

पुस्तकाचे लेखक खुर्चीतून अर्धवट उठले होते ते तसेच राहिले. उठावे, बसावे की बाईंना उठवावे, ते ठरेना. पोहण्याचे पुस्तक त्यांनी लिहिले होते खरे, पण पाण्यात ते जन्मात उतरले नव्हते.

आकृती १. वाचक फरशीवर. बाण मानेकडे.

कचेरीत त्यांना सगळे घरबसले म्हणत. खरे आडनाव सहीपुरते उरले होते. मालकांनी 'घरबसल्या' नावाची माला काढली तेव्हा ती लिहायला यांना बसवले. घरबसल्या साबण, घरबसल्या वायरिंग, घरबसल्या मधमाशा, पत्रलेखन, सायकलदुरुस्ती, कथालेखन. पोहण्याची पाळी आली तेव्हा मालेच्या नावात काही गोची आहे हे कुणाच्याच डोक्यात आले नाही. पुस्तक बांधून झाल्यावर बाइंडरने पहिली प्रत उलटसुलट करून विचारले, "बादलीत का हो?"

बसवले म्हणायचे, पण घरबसल्यांइतका न बसणारा माणूस कचेरीत दुसरा नव्हता. एक ओळ लिहायची, उठायचे, कपाटाशी जायचे, कोश काढायचा, उभ्याउभ्या वाचायचा, तो तिथेच उघडा ठेवून दुसरा काढायचा, खिडकीशी जायचे, कशासाठी आलो ते विसरून परत यायचे. त्यांची लिहिण्याची रीतही या उठबशीतूनच निघाली होती. विषयावरची चार पुस्तके टेबलावर उघडी मांडायची. चारींत जे सारखे असेल ते खरे धरायचे. ज्यावर त्यांचे आपसात जमत नसेल ते सरळ गाळायचे. या रीतीने साबण जमला, मधमाशा जमल्या. कुणाची तक्रार आली नाही.

बाई हळूहळू उठल्या, गुडघे धरून. त्या लाँड्रीत इस्त्री करत. दिवसभर उभे राहून गुडघे गेले, म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितले होते. शिकवणाऱ्यापाशी जायची लाज वाटली म्हणून त्यांनी पुस्तक आणले. माला त्यांच्या घरची होती. वायरिंगवरून त्यांनी घरातले सगळे फ्यूज लावले होते. पत्रलेखनावरून नणंदेला पत्र घातले तर तुटलेले बोलणे पुन्हा सुरू झाले.

"म्हणजे पुस्तक चुकायचं काही कारणच नाही," त्या चपला घालत म्हणाल्या. "मीच मठ्ठ. पण चौथ्या आकृतीपाशी अडले ना, की पुढचं सगळंच अडतं."

घरबसले म्हणाले, पाहून सांगतो. तेवढ्यात आतल्या केबिनमधून मालकांचा आवाज आला, की पोहण्याची नवी आवृत्ती येत्या आठवड्यात छापायला जातेय, मुखपृष्ठ तेवढे बदलायचे, बाकी आहे तसे.

आकृती २. कपाट.

यातला एकही ग्रंथ सरळ उत्तर देत नाही, म्हणून तर ते घरबसल्यांना आवडत. जाड्या शब्दकोशात 'तरंगणे' काढले आणि 'तरफ', 'तरस' करत 'तराफा'पर्यंत वाहवत गेले. प्रथमोपचाराचे पुस्तक माणूस पाण्यातून बाहेर काढल्यावरच बोलायला लागे. ज्ञानकोशाचा 'प'चा खंड कुणीतरी वाचायला नेला तो परत आलाच नव्हता, त्यामुळे मालेतल्या सगळ्या पुस्तकांत पाणी जरा बेताचेच होते. शरीरशास्त्राच्या चित्रकोशात मात्र माणसाचे डोके केवढे जड असते ते दिलेले होते. एवढे जड डोके वर धरले तर दुसऱ्या टोकाचे काय होईल? घरबसल्यांनी मनाशी पट्टी तोलून पाहिली. एक टोक वर, दुसरे खाली. पाय खाली जाणार.

मग जुन्या टिपणांवरून त्यांनी तेव्हाची ती चार पुस्तके शोधून काढली. एकात लिहिले होते, नजर आकाशाकडे. दुसऱ्यात, हनुवटी किंचित आत. तिसऱ्यात, कान पाण्याखाली. चौथ्यात डोक्याचा उल्लेखच नव्हता. चौघांचे जमत नव्हते, आणि रीतीप्रमाणे त्यांनी डोकेच गाळले होते. स्वतःच्या पुस्तकात त्यांनी काय लिहिले होते ते न उघडताही आठवत होते: डोक्याची स्थिती आकृतीत दाखवल्याप्रमाणे.

आकृती ३ गाळली आहे. तीत माणूस येरझाऱ्या घालताना दाखवायचा होता, आणि येरझाऱ्या चित्रात येत नाहीत.

आकृती ४.

हे पान त्यांनी छापून आल्यापासून उघडले नव्हते. आज उघडले.

हे चित्र काढले त्या दिवशी बायको दवाखान्यात होती. ऑपरेशन साधेच आहे, असे डॉक्टर म्हणाले होते. "इथं येरझाऱ्या घालून नर्सना दमवू नका," असे म्हणून तिनेच त्यांना कामावर पिटाळले होते. निरोप घेऊन मेहुणा येणार होता. कचेरीत चित्रकार आला होता, त्याला पोहणारा माणूस हवा होता, आणि त्या दिवशी घरबसल्यांच्या हातून दुसरे काही होण्यासारखे नव्हते. तेव्हा मालकांनी त्यांनाच गठ्ठे ठेवायच्या बाकावर झोपवले. "मान टाका," चित्रकार म्हणे. ते टाकत. जिन्यात पाऊल वाजले की मान वर. पुन्हा टाकत. पुन्हा कुणीतरी जिना चढे. चित्रकारालाही पोहणे ठाऊक नव्हतेच. तो शेवटी वैतागून म्हणाला, "राहू द्या तशीच," आणि दिसले ते त्याने काढले.

चौथी आकृती संपत आली तेव्हा मेहुणा दारात आला. आत यायच्या आधी तो चपला काढत राहिला. बराच वेळ काढत राहिला.

पाचव्या आकृतीसाठी मालकांनी बाइंडरला झोपवले.

बायकोचे फोटो घरात होते. पण ती अजून आहे असे धरून चाललेला माणूस एवढ्या एका चौकोनातच उरला होता. घरबसल्यांनी पान मिटले, कपाटाशी गेले, परत आले, पुन्हा उघडले.

सकाळी ते बाईंनी सांगितलेल्या तलावावर गेले. औषध टाकलेल्या पाण्याचा वास, ओल्या फरश्या, उंच खुर्चीवर शिट्टी गळ्यात अडकवलेला जीवरक्षक. बाई अजून यायच्या होत्या. घरबसले एका जागी उभे राहीनात, तेव्हा जीवरक्षकाने विचारले की काका, उतरायचंय की नुसतं बघायचंय. त्यांनी पुस्तकाचे नाव काढले. जीवरक्षक हसला.

"ते ना? ओळखू येतात की. ते टक्कलवाले बघा. आणि त्या पलीकडच्या दोघी बहिणी. सगळे एकाच पुस्तकाचे."

"कशावरून?"

"मान बघा. कुणीतरी न्यायला येणार असल्यासारखे गेटाकडे डोळे लावून बसतात पाण्यात. मग पाय खाली. मी ओरडून सांगतो, तर म्हणतात छापलंय तसंच करतोय."

घरबसल्यांनी पाहिले. उथळ बाजूला काही माणसे उताणी पडली होती. एकमेकांची ओळख नसलेली, वेगवेगळ्या वयांची. सगळ्यांच्या माना वीतभर वर, सगळ्यांच्या नजरा गेटाकडे. थोडा वेळ तसे राहून एकेक जण पायांकडून खाली जाई, नाकातोंडातले पाणी झटकी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. चिडत कुणी नव्हते. जो तो आपल्यालाच दोष देत होता, हे लांबूनही कळत होते.

बाई आल्या, पाण्यात उतरून कठड्याला धरून उभ्या राहिल्या. घरबसल्यांनी काठावर उकिडवे बसून त्यांना सांगितले की चूक तुमची नाही, आकृतीची आहे. मग हेही सांगितले की आकृतीतला माणूस पाण्यात नव्हता, बाकावर होता, आणि त्याला पोहता येत नव्हते. माणूस कोण ते सांगितले, पण तो मान का उचलत होता ते नाही.



"म्हणजे मी मठ्ठ नाही," बाई म्हणाल्या. "घरी कुणाला सांगितलं नव्हतं मी. म्हटलं, हसतील. पन्नाशी आली नि पाण्यावर नुसतं पडता येत नाही." मग त्यांचा चेहरा बदलला. "तुम्हाला पोहता येत नाही. बरं. मधमाशा?"

घरबसल्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आणि वायरिंग? अहो, माझ्या अख्ख्या घराची वीज तुमच्यावर चाललीय."

"ती बरोबर आहे. चारी पुस्तकांत सारखं होतं."

"देवा," बाई म्हणाल्या, आणि एकदम हसल्या. हसणे थांबल्यावर त्यांनी टक्कलवाल्या गृहस्थांकडे बोट केले. ते पुन्हा खाली चालले होते. "त्यांना कोण सांगणार? आणि जे इथे येत नाहीत, कुठेतरी विहिरीत एकटे उतरतात, त्यांना?"

मालकांकडे जाताना घरबसल्यांनी काय बोलायचे ते पाठ केले होते. पण सुरुवात करताच मालकांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. त्यांना ठाऊक होते. मागे एकदोघे येऊन बोलून गेले होते की आकृती चारमध्ये काहीतरी गडबड आहे. मालकांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावले आणि घरबसल्यांच्या कानावर काही घातले नाही. का, ते मालकांना सांगताही येईना. ते खिडकीकडे पाहत एवढेच म्हणाले की त्या दिवशी बाकावर झोपा असे तुम्हाला मीच म्हटले होते, नसते म्हटले तर तुम्ही दवाखान्यात असता.

"तिनेच पाठवलं होतं मला," घरबसले म्हणाले.

"ते माहीत नव्हतं मला," मालक म्हणाले. "इतकी वर्षं."

 मग मालक अगदी हलक्या आवाजात म्हणाले की आवृत्तीला घाई नाही, तुम्ही घरी जा, विचार करा. किंवा असे करू, मजकुरात एक ओळ घालू, की डोके मागे टाकावे. चित्र राहू दे.

घरबसले उठले. कपाटापर्यंत गेले, एक कोश काढला, न उघडता परत ठेवला.

"मजकूर कुणी वाचत नाही, मालक. बघतात ते चित्रच. काढा ते."

नवी आकृती खऱ्या पाण्यात काढायची, यावर घरबसले अडून बसले. मुखपृष्ठे करणाऱ्या चित्रकार बाई वही घेऊन तलावाच्या काठावर बसल्या. मॉडेल म्हणून लाँड्रीच्या बाई आल्या, केस नीट बांधून, जरा सजूनच. पण इतके महिने चुकीचे गिरवलेले एका दिवसात कसे जाणार? त्या पाण्यावर पडल्या की मान आपोआप वर. जीवरक्षकाला खुर्ची सोडून उतरता येत नव्हते. कुणीतरी डोक्याखाली हात धरायला हवा होता.

घरबसले दुसऱ्याची चड्डी घालून पायऱ्या उतरले. पाणी त्यांनी लिहिले होते तसे मुळीच नव्हते. ते सगळीकडून ढकलत होते. कमरेएवढ्या पाण्यात ते उभे राहिले आणि त्यांनी बाईंच्या मानेखाली दोन्ही तळवे धरले. डोके खरेच जड होते.

"सोडा," ते म्हणाले.

"सोडलीय."

सोडली नव्हती. गेट वाजले की घरबसल्यांच्या तळव्यांवरचा भार कमी होई आणि बाईंचे डोळे तिकडे वळत. कुणीतरी आत येई, कुणीतरी बाहेर जाई. घरबसलेही प्रत्येक वेळी तिकडे पाहत होते. ध्यानात आल्यावर त्यांनी पाहायचे थांबवले.

"कुणी येणार नाहीये, बाई," ते म्हणाले. "टाका मान."

बाईंनी त्यांच्याकडे उलट्या बाजूने पाहिले. मग डोळे मिटले. हळूहळू सगळे डोके त्यांच्या हातांत आले, कान पाण्याखाली गेले, आणि दूर टोकाला पायांची बोटे वर आली. घरबसल्यांनी एक हात काढला. थोड्या वेळाने दुसरा काढला. बाई तशाच राहिल्या.

काठावर पेन्सिल चालू झाली आणि थांबली.

"अहो, तुम्ही चित्रात येताय," चित्रकार बाई म्हणाल्या. "जरा बाजूला व्हा."

घरबसले वळले आणि पायऱ्यांकडे निघाले. त्यांच्या चालण्याने पाणी हलले, लाट उठली, बाईंचे सगळे अंग डुचमळले.

"थांबा, थांबा. हलू नका आता."

ते होते तिथेच थांबले, काठापासूनही लांब आणि बाईंपासूनही, हात पाण्याबाहेर धरून. लाट त्यांच्याभोवती विरत गेली. ते हलले नाहीत.