न झालेली चाचणी

"फायर करून पाहिलीस ना?" राविरीने रायफल हातात घेत विचारलं.

"हो, हीप्स, भरपूर वेळा," विश्वनाथ म्हणाला, आणि हात पुसायला कापड शोधू लागला.

राविरीने मान डोलावली, रायफल पेटीत ठेवली आणि तो गेला. ईस्ट टामाकीतल्या त्या वर्कशॉपमध्ये शुक्रवारची दुपार संपत आली होती. मालक रॉस आतल्या खोलीत फोनवर होता. विश्वनाथने लेथ पुसून ठेवला, जॅकेट घातलं आणि तोही निघाला. त्याने त्या रायफलमधून एकही गोळी झाडली नव्हती.

विश्वनाथ मूळचा पिंपरीचा. वीस-बावीस वर्षं तिथल्या कारखान्यात टर्नर होता. २०१३ मध्ये बायको मृदुला आणि मुलगी मैत्रेयीला घेऊन ऑकलंडला आला. रॉसला लेथवर बसणारा हुशार माणूस हवा होता, आणि विश्वनाथला व्हिसा. वर्कशॉपमध्ये शिकाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या बंदुकांची कामं चालत, मुख्यतः सायलेन्सर बनवायची आणि बसवायची. या देशात त्यात चोरटं असं काही नव्हतं. माणसाचे कान वाचावेत म्हणून सायलेन्सर लावायचा, इतकंच. तरी मृदुला मराठी मंडळात "हे प्रिसिजन इंजिनिअरिंगमध्ये आहेत" एवढंच सांगायची.

राविरी हुनुआच्या डोंगरात रानटी बकऱ्या मारायचं काम करी. बकऱ्या नवी झाडं वाढूच देत नाहीत, म्हणून सरकार कंत्राट देतं आणि कंत्राटदार कंपनी राविरीसारखी माणसं ठेवते. त्याचा उजवा कान निम्मा गेला होता. म्हणून त्याने आपल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलला सायलेन्सर लावून घेतला होता. पण अशा रायफलला सायलेन्सर लावला की बारुदाचा वायू कोंडतो आणि जास्तीचा मागे येतो. रायफल आतून हिसकते, धूर डोळ्यांत जातो. त्यावर उपाय म्हणजे वायूची वाट थोडी आवळायची. मात्र ती फार आवळली गेली, तर पुढची गोळी आपोआप चढत नाही. नेमकं किती आवळायचं हे ज्याच्या त्याच्या गोळ्या झाडल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी विश्वनाथ रायफल घेऊन क्लेव्हडनला जायचा. तिथे रॉसच्या मित्राचं शेत होतं.

त्या शुक्रवारी तो गेला नाही. कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. घरी जेवायला पाहुणे होते. कोथिंबीर आणि पनीर ओटाहुहुहून आणायचं होतं. क्लेव्हडनच्या रस्त्याला गर्दी असणार होती. मागच्याच महिन्यात त्याने अगदी तशीच रायफल लावून दिली होती, तेव्हा ही त्याच अंदाजाने लावली.

मंगळवारी रॉस फोन कानाला लावूनच बाहेर आला. राविरी डोंगरात पडला होता. पहाटेची कडक थंडी होती, आणि थंडीत वायूचा जोर आणखी कमी पडतो. पहिली गोळी बकरीच्या पोटात लागली आणि दुसरी चढलीच नाही. हाताने खेचून पाहिलं तर अडकली. बकरी तशीच घसरत खाली गेली. जखमी जनावर सोडून यायचं नाही हा राविरीचा नियम होता. सुरी घेऊन तो ओल्या उतारावरून तिच्यामागे उतरला आणि दगडासकट खाली गेला. खुबा आणि मांडीचं हाड मोडलं. त्याला हेलिकॉप्टरने आणावं लागलं.

दोन दिवसांनी कंपनीकडून विचारणा आली. रॉसचा आवाज लेथपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता.

"नाही, नाही. माझ्या माणसाने स्वतः फायर करून पाहिली होती. आमच्याकडून गेली तेव्हा ती बरोबर चालत होती."

विश्वनाथने लेथ बंद केला नाही. त्याच क्षणी बोलायला हवं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण लेथ फिरत होता, लोखंडाचं कातण पडत होतं, आणि रॉसने फोन ठेवला.

पुढे कंपनीने आपल्यापुरतं ठरवून टाकलं की राविरीने रायफल साफ ठेवली नसणार. ती वर्कशॉपमध्ये परत आली तेव्हा विश्वनाथ एकटाच तिला क्लेव्हडनला घेऊन गेला. आत मळ कसला तो नव्हता. राविरीच्याच गोळ्या घालून त्याने ती झाडली. एक चढली, पुढची अडकली. वाट किंचित मोकळी केल्यावर सगळ्या सरळ चढत गेल्या. तो रायफल खाली ठेवून कुंपणाजवळ कितीतरी वेळ उभा राहिला.

पुढचे कित्येक दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. मृदुलाने बीपी तपासून घ्या म्हणून मागे लागून पाहिलं. शेवटी एका शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून संत्री घेऊन तो मनुरेवाला राविरीच्या घरी गेला. राविरीची बहीण नायरी हिने दार उघडलं. तिने "किया ओरा" म्हणून माओरीत स्वागत केलं आणि तो बूट काढतोय हे पाहून हसली. राविरीचा पलंग हॉलमध्येच मांडला होता. नायरीने चहा दिला. संत्र्यांबद्दल बोलणं झालं, पावसाबद्दल झालं. ती आत गेल्यावर विश्वनाथ म्हणाला, "मी ती झाडून पाहिली नव्हती."

राविरीने चहाचा कप बाजूला ठेवला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "माझी रायफल मी ओळखतो. इथे पडल्या पडल्या दुसरं काय करणार, तोच विचार केला."

विश्वनाथने माफी मागितली. बोलताना त्याचं इंग्रजी अडखळलं, मग त्याने पुन्हा मागितली.

"पाय मोडला त्याचं काय, तो पाय मीच उतारावर टाकला," राविरी म्हणाला. "पण तिथली निम्मी पोरं मी तयार केलीत. बंदूक साफ कशी ठेवायची हे त्यांना मी शिकवलंय. आता त्यांना वाटतं, म्हाताऱ्यानेच साफ ठेवली नाही. मला सांगून तू मोकळा होशील. मला त्याचा काय उपयोग? हे रॉसला सांग."

त्यात राग नव्हता. राग असता तर सोसणं सोपं गेलं असतं, असं विश्वनाथला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

घरी त्याने मृदुलाला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि ती खुर्चीवर बसली. रेसिडेन्सीची फाइल सरकारकडे गेलेली होती आणि ती रॉसच्या नोकरीवर उभी होती. मैत्रेयीचं शाळेचं शेवटचं वर्ष तोंडावर आलं होतं. यातलं तिने काहीच बोलून दाखवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी लवकर या म्हणून फोन मीच केला होता."

"तुझा काय संबंध? कोथिंबिरीशिवायही जेवण झालं असतं."

"मग सांगू नका ना. तो माणूस तुमचं नाव घेत नाहीये. फाइल पास होऊ दे, मग सांगा."

मैत्रेयी पायऱ्यांवर बसून ऐकत होती हे दोघांनाही माहीत नव्हतं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच यायचं.

"सो यू लाइड, बाबा?" तिने विचारलं. स्वर आरोपाचा नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती.

"हो," विश्वनाथ म्हणाला. मुलीपुढे हा शब्द उच्चारायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढा रॉससमोर लागला नाही.

सोमवारी रॉसने सगळं ऐकून घेतलं. हातातला मग टेबलावर ठेवला. "मी त्यांना शब्द दिला होता," तो म्हणाला, "तुझ्या भरवशावर." मग त्याने विश्वनाथसमोरच कंपनीला फोन लावला. चूक आमच्या वर्कशॉपची, राविरीची नाही, असं त्याने दोनदा सांगितलं आणि माफी मागितली.

कंपनीने आपलं काम काढून घेतलं. रॉसने विश्वनाथला मात्र काढलं नाही. व्हिसाचे कागद लागले तेव्हा तेही वेळेवर दिले. पण पूर्वी तो दुपारचा चहा विश्वनाथच्या लेथशेजारी उभा राहून प्यायचा, ते थांबलं. क्लेव्हडनच्या फाटकाची किल्ली त्याने स्वतःकडे घेतली. रायफलची चाचणी असली की विश्वनाथसोबत तो स्वतः येई, किंवा दुसऱ्या कुणाला पाठवी. विश्वनाथने कधी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी रेसिडेन्सी मिळाली. मंडळातल्या लोकांनी पार्टी मागितली, तेव्हा मृदुलाने घरात आजारपण आहे म्हणून वेळ मारून नेली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक दिवस नायरीची गाडी वर्कशॉपपुढे थांबली. राविरी काठी टेकत आत आला. आता तो डोंगरात जात नव्हता. कंपनीने त्याला नव्या माणसांना शिकवायचं काम दिलं होतं. त्यांतल्याच एका मुलीच्या रायफलला सायलेन्सर लावला होता आणि वायूची वाट बसवून हवी होती. रॉस पुढे झाला.

"त्याला करू दे," राविरी म्हणाला.

रॉसने दोघांकडे पाहिलं आणि खिशातून फाटकाची किल्ली काढून विश्वनाथच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर विश्वनाथ, राविरी आणि नायरी क्लेव्हडनला गेले. गवतावर दव गोठलं होतं. विश्वनाथने त्या मुलीच्याच गोळ्या मागून घेतल्या होत्या. त्याने रायफल लावली, झाडली, पुन्हा लावली, पुन्हा झाडली. बर्फासारखं लोखंड बोटांना चिकटत होतं. राविरी काठीवर रेलून डाव्या कानाने ऐकत होता. पुरे, असं तो म्हणाला नाही. म्हणून विश्वनाथ झाडत राहिला. गोळ्या संपल्या तेव्हा त्याचा खांदा ठणकत होता.

"चालेल," राविरी म्हणाला.

विश्वनाथने रायफल पेटीत ठेवून नायरीच्या गाडीत मागे ठेवली. राविरी पुढच्या सीटवर आधी आडवा बसला. पाय अजून बाहेरच होते. विश्वनाथ हात पुढे करून वाकला.

"राहू दे," राविरी म्हणाला.

त्याने काठी आत टाकली. डावा पाय आत घेतला. मग दोन्ही हातांनी उजवी मांडी खालून धरली, एखादी जड वस्तू उचलावी तशी उचलली आणि आत ठेवली. दमल्यामुळे तो क्षणभर तसाच बसला. मग त्याने स्वतःच दार ओढून घेतलं.