आप्पांच्या कानाचा स्पीकर

धाराशिवच्या बाजारात सायराबीच्या दुकानी स्पीकर घ्यायचा तर घाई करून चालत नसे. नवरा चाँदपाशा हयात असताना त्याच्या शेजारी बसून ती दुरुस्ती शिकली होती. तो गेल्यावर दुकान तिनंच चालवलं. गिऱ्हाइकानं एखाद्या स्पीकरकडं बोट दाखवलं की आधी ती तो उचलून वजन बघायची, बोटाच्या पेरानं कडेला टकटक करायची, मग जाळी काढून आत डोकावायची. स्वस्तातला माल वाईटच असतो असं तिला कधी वाटलं न्हवतं. स्वस्तात कुणी जीव ओतलाय आणि कुणी नुसता चमचमाट केलाय, एवढंच शोधायचं असतं, असं ती म्हणायची.

एका दुपारी शुभांगी आली. सासऱ्यांसाठी स्पीकर हवा होता.

"आप्पांना टीव्हीचं ऐकू येत न्हाई, चाची. आवाज वाढवला की शेजारचे भिंत ठोकतात. मग त्यांनी टीव्हीच सोडला. आठ म्हैने झाले, गप बसून राहत्यात. कानातलं मशीन घालायला तयार न्हाईत."

बोलता बोलता तिची नजर रंगीत दिव्यांच्या, खांबासारख्या एका उंच स्पीकरवर गेली. सायराबीनं त्याची जाळी उचकटली. आत चार गोल दिसत होते.

"ह्यातले वरचे दोनच वाजतात. खालच्या नुसत्या प्लास्टिकच्या टोप्या हायत. आन् हे ऐका." तिनं कडेला टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. शुभांगी हसली.

मग सायराबीनं मागच्या फळीवरची तपकिरी जोडी काढली. ना दिवे, ना चकचकीत कडा. पण खोकं जाड लाकडाचं, हाताला भरीव. तबला लावला तर थाप छातीत उतरली. शुभांगीनं जोडी नक्की केली. जाता जाता तिनं गल्ल्याजवळच्या एका छोट्या करड्या डब्याला हात लावला.

"हा कसा हाय?"

"तो ऱ्हाऊ द्या. पत्र्यागत आवाज. फळवाल्यांच्या गाड्यांवर भाव पुकारायला नेतात."

दोन दिवसांनी शुभांगी परत आली, तोंड उतरलेलं. "आप्पा म्हणत्यात, आवाज गोड हाय, पण शब्द एक कळंना."

सायराबीच्या जिव्हारी लागलं. तिनं निवडलेली वस्तू आजवर कुणी परत आणली न्हवती. दुकानाला कुलूप लावून ती तशीच शुभांगीबरोबर निघाली.

कल्याणप्पा खाटेवर पाठ ताठ ठेवून बसले होते. तीस वर्षं त्यांनी एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या होत्या. जोडी कोपऱ्यात, कपाटाच्या आत ठेवलेली बघून, चूक नुसती जागेची असेल असं वाटून सायराबीला धीर आला. तिनं ती बाहेर काढली, आप्पांच्या कानाच्या उंचीवर मांडली, खर्ज कमी केला. शुभांगीनं मोबाईलवर गावांची नावं बोलून घेतली आणि ती स्पीकरवर लावली.

"तेर," स्पीकर म्हणाला.

"येर?" आप्पा म्हणाले.

"काटी."

"पाटी." लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पाटी नावाचं गावच न्हाय आपल्याकडं." त्यांनी मान खाली घातली. आपलं चुकतंय हे त्यांना कळत होतं, आणि तेच त्यांना सोसवत न्हवतं.

सायराबी वाकून मोठ्यानं म्हणाली, "आप्पा, सामान चांगलं हाय हो. खोटं सांगत न्हाई मी."

"चांगलंच हाय, बाई. तबल्याला लई चांगलं." आप्पा समजुतीनं म्हणाले. "पण मला तबला कुठं ऐकायचाय? आमच्या स्टँडवरचा भोंगा कसा किरटा, खर्ज नावाला न्हाय. तरी तामलवाडीचा माणूस कधी ईटच्या गाडीत बसला न्हाय. शब्द पोचायचा."

सायराबीनं जोडीचा आवाज बंद केला. दुकानात तिनं शुभांगीला सगळं विचारलं होतं, खोली केवढी, पैसे किती. ऐकणाऱ्याला काय ऐकायचंय, हे मात्र विचारलंच न्हवतं. तिला स्वतःला तबला आवडायचा.

"मी आलेच," म्हणून तिनं रिक्षा केली, दुकान उघडलं आणि गल्ल्याजवळचा तो करडा डबा उचलून आणला. आत एकच छोटा कागदी पडदा. तिनं तो खाटेजवळच्या स्टुलावर, आप्पांकडं तोंड करून ठेवला. आप्पांनी अंदाजानं सांगू नये म्हणून शुभांगीनं तीच नावं उलट्या क्रमानं पुन्हा बोलून लावली.

"येडशी," आप्पा म्हणाले. "ढोकी. काटी." ते थोडे पुढं सरकले. "तेर. सगळी बरोबर?"

"सगळी," शुभांगी म्हणाली.

जोडी परत घेताना सायराबी संकोचली. "माफ करा, आप्पा. ज्या डब्याला मी नावं ठेवली, तोच कामाला आला."

"आवाज भिकारच हाय की त्याचा," आप्पा म्हणाले, आणि तिघंही हसले.

शुभांगीनं टीव्हीला तार जोडली. बातम्या चालू होत्या. कुणी पुढारी रस्ता आणि पूल बांधून झाल्याचं सांगत होता. आप्पा दोन मिनिटं कान देऊन बसले, मग एकदम उसळले. "खोटं बोलतंय बघा हे! तिकडून गाड्या सोडल्यात म्या, रस्ता म्हाईत हाय मला!"

पुढारी बोलत राहिला, आणि आप्पा त्याला वाक्यागणिक उत्तर देत राहिले. शुभांगी चहा ठेवायला आत गेली. सायराबीला परत दुकान उघडायचं होतं, तरी ती खुर्ची ओढून बसली. आप्पांनी तिच्याकडं वळून विचारलं, "तुम्हीच सांगा बाई, हाय का तिथं पूल?"