अर्धी वाटी

आमच्या खोलीत तिघं होतो: मी, घड्याळ आणि शेफ. घड्याळाला हे नाव त्याच्या वक्तशीरपणामुळे पडलेलं. शेफचे वडील एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी, म्हणून तो शेफ. त्याला स्वतःला मात्र एकच पदार्थ यायचा. नूडल्स. शिजत आल्या की वर एक अंडं फोडायचं आणि मूठभर कच्चा कांदा. पेपर वाईट गेला, घरची आठवण आली, मेसचं जेवण घशाखाली उतरेना, की शेगडीवर पातेलं चढायचं. तिघं एकाच पातेल्यात खायचो.

दुसऱ्या वर्षी शेफ तापाने आजारी पडला. दवाखान्यात ठेवलं तेव्हा त्याचे वडील, आमचे काका, धावत आले. रोज सूप करून आणायचे, मऊ भात आणायचे. शेफ चमचाभर खाऊन तोंड फिरवायचा. एकदा तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आपल्या नूडल्स आण ना."

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. काकांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं. आजाऱ्याला हे असलं काही द्यायचं नाही, म्हणाले. डॉक्टरांनी मनाई केलेली नव्हती, पण काकांपुढे बोलणार कोण? डबा तसाच परत आणला. त्यानंतर दोन दिवसांनी शेफ गेला.

आठवड्याने काका त्याचं सामान न्यायला आले. कपडे, वह्या, चपला, सगळं नीट बांधलं. मग त्याच्या कॉटवर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी डब्यात होतं ते करा."

घड्याळाने शेगडी लावली. मी कांदा चिरत होतो, तर काकांनी सुरी काढून घेतली आणि स्वतः चिरला. पातेलं मध्ये ठेवून आम्ही जमिनीवर बसलो. काकांनी पहिला घास घेतला.

"मीठ जास्त झालंय," ते म्हणाले. तरी खात राहिले. मग हात थांबला. "मरताना पोराने एवढंसं मागितलं. मी देऊ दिलं नाही."

घड्याळ पातेल्याकडे बघत म्हणाला, "खाल्लं त्याने, काका. दुसऱ्या दिवशी तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात, तेव्हा मी डबा घेऊन आलो होतो."

"किती खाल्लं?"

"अर्धी वाटी. अंडं सगळं संपवलं."

काकांनी डोळे पुसले नाहीत. नुसती मान हलवली आणि पुन्हा घास घेतला.

घड्याळ सांगत होता त्या दिवशी सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत आमची प्रात्यक्षिक परीक्षा होती. घड्याळ माझ्याच शेजारच्या टेबलावर होता. जेवायलासुद्धा बाहेर पडला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढे दोन वर्षं एकत्र राहिलो, पण हा विषय ना त्याने काढला, ना मी.

पातेलं रिकामं झाल्यावर काकांनी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. शेफच्या आईने आठवडाभर धड काही खाल्लेलं नाही, आज घरी गेल्यावर तिला हेच करून घालतो, म्हणाले. एका वेळी शेकडो पानं वाढणारा तो माणूस आम्हाला विचारत होता, पाणी किती, अंडं कधी घालायचं, झाकण ठेवायचं का. घड्याळ सांगत गेला, ते लिहीत गेले.