लिकोनच्या वाटचा घोट

ग्रीकांच्या रोड्स बंदरावर गलबतांवरच्या गड्यांचं एक मंडळ होतं. एकत्र जेवायचं, एकत्र प्यायचं आणि कुणी गेला तर बाकीच्यांनी त्याला मातीआड करायचं, अशी त्यांची शपथ. लिकोनचं गलबत बुडालं, प्रेतही हाती लागलं नाही. तेव्हा मंडळाने त्याची रिकामी कबर बांधली आणि सोसिलासने समुद्राकडे तोंड करून त्याला तीनदा हाक मारली. जिवलग मित्र ना तो. तेव्हापासून दर जेवणाला सोसिलास पहिला घोट लिकोनच्या नावाने जमिनीवर ओतायचा.

आणि वर्षाने लिकोन आला की. हाडांचा सापळा झालेला, पण जिवंत. दारातूनच म्हणाला, "मला सोडून सुरू केलंत होय रे?"

कुणी हसलं नाही. मंडळाचा म्होरक्या पासिफॉन उठला. "उंबरा ओलांडू नकोस, बाबा. तुझं सगळं करून झालंय. आता बायकांनी तुला न्हाऊ घालून, तान्ह्यासारखं दुपट्यात गुंडाळून पुन्हा जन्माला घालायला हवं. तोवर तू मेलेलाच."

"मग घाला की जन्माला. आई असती तर तिनेच केलं असतं." आई त्याच्याच दुःखाने हाय खाऊन गेली होती.

घरी सोसिलासची बायको मिका म्हणाली, "लिकोनना घेऊन या इथे. मी घालते न्हाऊ. त्यात काय एवढं?" पण मिका पोटुशी होती, आणि मेलेल्याला तिचा हात लागायला सोसिलासला नको होता. "पुढच्या जेवणानंतर बघू," तो म्हणाला. दर महिन्याला तेच म्हणाला.

लिकोन प्रत्येक जेवणाला यायचा आणि उंबऱ्याबाहेर बसायचा. आत हे लोक काय सोन्यासारखा माणूस होता म्हणून डोळे पुसायचे. मेल्यांना लाज कशी ती नव्हती. बाहेरून आवाज यायचा, "सोसिलास, सांडू नकोस रे तो. मला दे." सोसिलास मान खाली घालून ओतायचा.

एकदा बाहेरून आवाज आला नाही. सोसिलास पेला ठेवून धावला. लिकोन भिंतीला टेकून बसला होता, गार पडला होता.

"चला, उचला त्याला," सोसिलास रडत म्हणाला. "शपथ आहे आपली."

"कुणाला?" पासिफॉन जागचा हलला नाही. "लिकोनला आपण कधीच पुरलंय."

शेवटी मिकानेच त्याला न्हाऊ घातलं. येणाऱ्या बाळासाठी शिवलेलं दुपटं त्याच्या छातीवर पांघरलं. दोघांनी मिळून त्याला त्याच्या कबरीत ठेवलं. आपण वेळेवर उठलो असतो तर, हे सोसिलासच्या मनातून जाईना.

पुढच्या जेवणाला पासिफॉनने नेहमीसारखा पहिला पेला त्याच्या हातात दिला. सगळे थांबले. आणि उंबऱ्याबाहेरून सोसिलासला तो ओळखीचा आवाज ऐकू आला, अगदी समजुतीचा.

"आता ओत, सोसिलास."

 त्याच्या हातून पेला काही केल्या कलेना.