दारामागचं भेव

शेषराव गेले, त्यांच्या जलदानविधीला अर्धं केनवड गाव अंगणात जमलं होतं. जो तो त्यांच्या खोड्या सांगून हसत होता. म्हातारा होताच तसा इपितर! नव्वदीतही दारामागे लपायचा आणि माणूस आत आला की "भो!" करून त्याच्या काळजाचं पाणी करायचा. नवा जावई सुटला नाही, की सरपंच सुटला नाही.

त्यांच्या बायकोला, भागिरथाबाईंना मात्र हसू येत नव्हतं. पाहुण्यांना सतरंजी कमी पडली, म्हणून त्या उठून कोठीच्या खोलीकडे गेल्या. दाराशी सवयीनं खाकरल्या. "माईत हाये मले, तुमी मांगं हा," असं नवऱ्यावर खेकसत आणि तरीही दचकत त्यांचा अख्खा संसार झाला होता. आज दाराला हात लावला अन् अंगाला दरदरून घाम फुटला.

सून रत्नमाला धावत आली.

"आत्याबाई, भेता कायले? भूत-गीत काई नसते. बाबा काय आता दारामागून निंगतीन?"

भागिरथाबाईंनी दार ओढून घट्ट धरलं.

"थे निंगतीन याचं भेव नाई वं, पोरी. नाई निंगाले तं?"