नावातलं पाणी

बोगुमिलाबाईंनी चिमटा खाली ठेवला आणि गाडीच्या काचेवर आणून ठेवलेल्या त्या वस्तूकडे पाहिलं. लाल काचेचा पेला, आत मेण, वर पत्र्याचं भोकांचं झाकण. थडग्यावर लावायची मेणबत्ती. सर्व संतांचा दिवस चार दिवसांवर आला होता, गावात कोपऱ्याकोपऱ्यावर या मेणबत्त्यांचे ढीग लागले होते. पण पावाच्या कड्यांच्या गाडीवर मेणबत्ती आणून ठेवायची ही कुठली पद्धत?

मेणबत्ती आणणारी मुलगी पंचविशीतली असेल. पोलिश बोलत होती, पण परदेशात वाढून आजीकडून शिकलेली, जड जिभेची.

“तुमच्या यजमानांसाठी,” ती म्हणाली. “काल कळलं. फार वाईट वाटलं हो.”

“काय झालं माझ्या यजमानांना?”

मुलगी गोंधळली. “वारले ना ते? भट्टीपाशीच? हातात शेवटचं कडं होतं म्हणे. काल तो गाईड सांगत होता, इंग्रजीतून.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“माझा नवरा,” त्या एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “या घटकेला खिडकीत बसून रेडिओला शिव्या घालतोय.”

मुलगी लालेलाल झाली, सॉरी सॉरी करत निघून गेली. मेणबत्ती तिथंच राहिली.

आता एकेक गोष्ट बाईंच्या ध्यानात येऊ लागली. तो गाईड, कायेतान, मार्चपासून रोज दहाला आपली खाण्याची फेरी घेऊन यायचा. पंधरा-वीस परदेशी पाहुणे. फ्लोरियान दरवाज्याजवळची बाईंची गाडी हा पहिला थांबा, मग मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज, मग अळंबी घातलेला हातभर लांब भाजका पाव, शेवटी चेरीची दारू. इंग्रजीत काहीतरी घडाघडा बोलायचा आणि सगळे पाहुणे बाईंकडे ओलसर डोळ्यांनी बघायचे. एका म्हातारीनं तर एकदा त्यांचा हात दाबला होता. बाईंना वाटायचं, पोरगा कड्यांचं कौतुक करतोय. म्हणून त्याला रोज एक कडं फुकट! तिळाचं!

दहा वाजले. मारियाच्या चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी सुरू झाली आणि रोजच्यासारखी मधेच तुटली. पाठोपाठ कायेतान आलाच, पिवळी छत्री उंच धरून.

“मेल्या,” बाई गरजल्या, “तो मेलेला नाही!”

पाहुणे थबकले. कायेताननं मेणबत्ती पाहिली आणि छत्री खाली घेतली.

“मावशी, हळू. सांगतो.”

“काय सांगतोस? सात महिने रोज माझ्या नवऱ्याला मातीत घालतोयस! माझ्याच गाडीपुढे! माझंच तिळाचं कडं खात!”

“अहो, पाहुण्यांना गोष्ट लागते. नुसता पाव कोण खातं? तो वरचा तुतारीवाला बघा. तातारांचा बाण गळ्यात घुसला म्हणून सूर तुटतो, असं आपण सांगतो. कुणी पाहिलाय बाण? तरी सगळं गाव मान वर करून ऐकतं ना?”

“तो तुतारीवाला माझ्या अंथरुणात घोरत नाही!”

चीजवाली झोफिया पलीकडून खो खो हसली. कायेतानच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

“उद्या ये,” बाई म्हणाल्या. “ही सगळी वरात घेऊन ये. नवऱ्यालाच उभा करते इथं. मग सांग तुझी गोष्ट.”

त्या दिवशी त्यांनी त्याला कडं दिलं नाही.

संध्याकाळी चार जिने चढेपर्यंत राग जरासुद्धा उतरला नव्हता. लुडविक खिडकीतच होता. चौतीस वर्षं त्यानं बेकरीत एकच काम केलं होतं: पिळलेली कच्ची कडी उकळत्या पाण्याच्या कढईत सोडायची, तरंगली की झाऱ्यानं उचलायची. शिंतोड्यांनी कोपरापर्यंत हात ठिपक्याठिपक्यांचे झाले होते. गुडघे गेले तसं काम सुटलं, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत दोन वर्षांत तो दवाखान्याखेरीज खाली उतरला नव्हता.

“आणलंस का एखादं?” त्यानं रोजच्यासारखं विचारलं.

“संपली सगळी,” बाई रोजच्यासारख्या म्हणाल्या.

“संपणारच. कढई नीट उकळतेय ना? नवीन पोरं घाई करतात.”

“उकळतेय. आधी हे ऐक. तू मेलायस.”

सगळं ऐकून लुडविक इतका हसला की त्याला ठसका लागला. “भट्टीपाशी? गाढव आहे तो. मी भट्टीवाला कधी होतो? मरायचंच तर कढईपाशी मरेन की!”

“हसतोस काय? मला विधवा केलंय त्यानं!”

“येतो उद्या. दाखवतो त्याला.”

आणि त्यानं खरंच रात्रीच दाढी केली. लग्नातला नव्हे, पण त्याच्या खालोखालचा कोट काढला. दोन वर्षांत बाईंनी त्याला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. चांगलं झालं, त्या मनात म्हणाल्या, येऊ दे उद्या त्या मुडद्याला.

सकाळी बाईंनी गाडी लावली, झोफियाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि नवऱ्याला आणायला परत आल्या. एक एक पायरी उतरत, कठडा धरून, लुडविक निघाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो दम खायला थांबला.

“किती दिवसांनी ताजं कडं खाईन,” तो म्हणाला.

बाईंचा पाय तिथंच अडला. रागाच्या भरात ही एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून साफ गेली होती.

“राहू दे,” त्या एकदम म्हणाल्या. “गुडघे सुजतील. मीच बघते त्याला.”

“आता? अर्ध्यावर?” लुडविक पुढची पायरी उतरला.

ते गाडीपाशी पोचले तेव्हा तुतारी वाजत होती. कायेतान आलेला होता, पाहुणे अर्धवर्तुळ करून उभे. बाईंनी तोंड उघडायच्या आत लुडविकनं काचेचं दार सरकवलं आणि खसखशीचं एक कडं उचललं. आधी नुसतंच धरलं. मग त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. चमक नव्हती. त्यानं ते मोडलं. खऱ्या कड्याची साल पातळ, कडक असते, आत लवचिक, ओढलं तर ओढ देणारं. हे पावासारखं भसकन तुटलं. त्यानं तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

बाई चिमटा धरून उभ्या होत्या.

“कढई कधी बंद झाली?” त्यानं विचारलं.

“लुडविक, घरी गेल्यावर—”

“कधी?”

“तू आलास घरी, त्याच महिन्यात. मालकानं वाफेचं यंत्र आणलं. कढईला माणूस लागतो म्हणाला, वाफेला बटण.”

“आणि तू मला रोज सांगत होतीस, उकळतेय.”

“मग काय सांगू?” बाईंचा आवाज चढला, आणि कुणावर चढला ते त्यांनाही कळलं नाही. “चौतीस वर्षं हात भाजून घेतलेस. रोज संध्याकाळी तेवढी एकच गोष्ट विचारायचास. आणि मी म्हणू, नाही रे बाबा, फेकली ती कढई भंगारात?”

लुडविकनं उरलेलं अर्धं कडं पुढे धरलं. “याला काय म्हणून विकतेस?”

बाईंची नजर गाडीवरच्या पाटीकडे गेली. निळ्या अक्षरांत कड्यांचं खरं नाव मोठं लिहिलेलंच होतं: ओब्वाझानेक. या गावात पोरासोरांना कळतं, त्या नावाचा अर्थच उकळत्या पाण्यातून काढलेलं. पाणी नावातच आहे. मालकाचे परवान्याचे कागद काहीही म्हणोत, वाफेवरच्या पावाला ते नाव लावणं म्हणजे शुद्ध खोटं, आणि ते त्या दोन वर्षं रोज सकाळी ओरडून विकत होत्या.

कायेतानला दरदरून घाम फुटला होता. पाहुणे चुळबुळ करत होते. एकानं विचारलंही, हे म्हातारे कोण.

“आजोबा, चुकलो मी,” कायेतान हलक्या आवाजात म्हणाला. “माफी मागतो. आत्ता सगळ्यांसमोर खरं सांगतो. यांचे यजमान म्हणूनच सांगू ना? कढईवाले?”

लुडविकनं कोटावरची खसखस झटकली. त्याची नजर काचेवरच्या लाल पेल्यावर गेली. कालपासून बाईंना तो टाकवला नव्हता. मेणबत्ती कुणी टाकत नाही.

“ही माझी ना?” त्यानं विचारलं आणि मेणबत्ती कोटाच्या खिशात घातली.

“लुडविक,” बाई म्हणाल्या.

“रोज सांगतोस तेच सांग, पोरा,” तो कायेतानला म्हणाला. “फक्त भट्टी म्हणू नकोस. कढई म्हण.”

आणि तो पलीकडच्या बागेतल्या बाकापर्यंत सावकाश चालत गेला, पाठ करून बसला.

कायेताननं बाईंकडे पाहिलं. बाईंनी काचेचं दार सरकवून बंद केलं. मग तो इंग्रजीतून बोलू लागला, नेहमीपेक्षा हळू, आणि पाहुण्यांचे डोळे नेहमीसारखे ओलसर झाले. बाकावरच्या म्हाताऱ्याकडे कुणी पाहिलं नाही. पुढच्या रांगेतली एक पांढऱ्या केसांची बाई दोन पावलं पुढे आली, गाडीवरून हात लांबवून तिनं बोगुमिलाबाईंचा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. त्यातलं सॉरी तेवढं बाईंना कळलं.

बाईंनी हात काढून घेतला नाही.

“हो,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं झाली.”